स्वयंपाकघरात हालचाल नाही

आषाढात कोल्हापूरचा सूर्य दिसत नाही, त्याचा नुसता अंदाज घ्यावा लागतो. खिडकीबाहेरचा करडा रंग जरा गडद झाला, समोरच्या क्लासमधली पोरं सुटली आणि स्कूटी काढताना त्यांचा गलका सुरू झाला, खालच्या मेडिकलवाल्यानं ट्यूबलाइट लावली, की समजायचं, उरला असेल तासभर. मग मी उठते आणि तवा ठेवते. चातुर्मास लागला की सूर्य मावळायच्या आत ताट रिकामं व्हायला हवं. आमच्या जैन घरांत लहानपणापासून सगळ्यांना हे ठाऊक असतं. पाळायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ढगाळ दिवसांत त्या सूर्याची वाट बघत बसलं तर तो कधी निघून गेला तेही कळत नाही, म्हणून मी जरा आधीच जेवते.

एका माणसाचा स्वयंपाक हा मोठा विचित्र प्रकार आहे. मूठभर डाळ कुकरला लावायची लाज वाटते. दोडका एक घेतला तरी जास्त होतो आणि अर्धा कुणी देत नाही. चातुर्मासात कांदा, लसूण, बटाटा आणि पालेभाज्या बंद, त्यामुळे भाजीवालीशी घासाघीस करण्याची मजाही चार महिने बंद. एक भाकरी थापायची, गरम गरम ताटात घ्यायची, मुगाची आमटी, वर तूप. गडबडीनं खाल्लं तर दहा मिनिटांत उरकतं आणि सावकाश खाल्लं तर पंधरा. मग भांडी घासून पालथी घालते, ओटा पुसते, उकळलेल्या पाण्याचा शेवटचा पेला पिते आणि बाहेर येऊन बसते. बाहेर अजून उजेड असतो. रात्र तर अजून सुरूसुद्धा झालेली नसते, आणि मी मात्र दिवसाची सगळी कामं संपवून बसलेली असते. त्यापुढची संध्याकाळ फार लांब असते. ती कशी काढायची हे मला अजून नीट जमलेलं नाही.

शोकेसमध्ये, अण्णांच्या फोटोच्या बाजूला, तेव्हा एक हिरवा दिवा लुकलुकत असतो.

अण्णा म्हणजे माझे यजमान. लेक त्यांना अण्णा म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणायला लागले. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. हिवाळ्यात घरी आले की त्यांच्या शर्टाला गुळाच्या ढेपेचा वास यायचा आणि तो धुतला तरी जायचा नाही. ते गेले त्या वर्षी वैशाखात आमची शीतल बेंगलोरहून आठ दिवस येऊन राहिली आणि जाताना घरात ही डबी बसवून गेली. आत एक छोटा संगणक आहे म्हणे. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर बारीकसारीक चिपा, एका कडेला नखाएवढं कार्ड खुपसलेलं, दुसऱ्या कडेला पेनड्राइव्हसारखी एक काडी. स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, न्हाणीघराच्या बाहेर आणि दारावर तिनं पांढऱ्या पेढ्यांसारखे चार सेन्सर चिकटवले. माणूस समोरून गेलं की सेन्सरला कळतं, तो डबीला सांगतो, डबी शीतलच्या फोनला सांगते.

मी विचारलं, कॅमेरा आहे का. ती म्हणाली, छे, नुसती हालचाल कळते, तू काय करतीस ते दिसत नाही. मी म्हणाले, मग ठीक. नोकरीभर मी टेलिफोन ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर बसले होते. चार घरांतल्या तारा एका ठिकाणी आणायच्या आणि तिथून पुढे जोडून द्यायच्या, एवढंच ही डबी करत होती. मी तिला म्हणाले की हे म्हणजे आपलं एक्स्चेंजच झालं की. ती हसली. तिचे अण्णा गेल्यानंतर ती त्या आठ दिवसांत पहिल्यांदा हसली असेल.

जाण्याआधी तिनं फोनमध्ये एक नियम घालून ठेवला, त्यातल्या वेळा मला फार पुढे कळल्या. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात स्वयंपाकघरात कुणीच फिरकलं नाही, तर तिला निरोप जाणार. कारण सोपं होतं. तिच्या आठवणीत आई आठ वाजता जेवते.

आणि ते खरंच होतं. मी जन्मभर आठलाच जेवत आले.

त्यामागची गोष्ट सांगायला हवी. अण्णा चातुर्मास कडक पाळायचे. मी नोकरीवाली, माझी सुटका साडेपाचला. ते चार महिने म्हणजे माझी रोजची सूर्याशी शर्यत असायची. ऑफिसातून निघायचं, सिटी बसला लोंबकळत राजारामपुरीत उतरायचं, ओली साडी तशीच कमरेला खोचून तवा ठेवायचा. आश्विन लागला की सूर्य आणखी लवकर पळायचा आणि माझी आणखी तारांबळ. अण्णा पाटावर बसलेले असायचे. कधी घाई करायचे नाहीत, पण एक डोळा खिडकीकडे. मी तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकायची. त्यांचं जेवण झालं, पाणी पिऊन झालं, की मी घाम पुसायची. जिन्यात शीतलच्या चपला वाजायला अजून वेळ असायचा, कारण ती क्लासहून यायची आठला. पोरीला एकटीला कसं जेवायला घालायचं? म्हणून मी तिच्यासाठी थांबायची. आठला आम्ही दोघी टेबलाशी जेवायचो आणि अण्णा शेजारी खुर्ची ओढून नुसते बसायचे. पाणीही प्यायचे नाहीत. शेंगदाणे सोलून ठेवायचे दुसऱ्या दिवसाच्या चटणीला, अडतीवरच्या गमती सांगायचे, शीतलच्या ताटाकडे बघून म्हणायचे, भात घे की गं. पुढे शीतल शिकायला गेली, नोकरीला गेली, लग्न होऊन गेली. मी निवृत्त झाले. तरी मी आठलाच जेवायची आणि ते नुसते बसायचे. सवय म्हणजे सवय. दोघांनी मिळून सहाला जेवावं, हे आम्हाला कधी सुचलंच नाही. चातुर्मासाचे चार महिने, असे कितीतरी चातुर्मास, आम्ही नवरा-बायको एका वेळी जेवलो नाही.

ते गेल्यावर आठ वाजता ती खुर्ची रिकामी दिसायला लागली. वैशाख-ज्येष्ठ मी कसेबसे काढले. मग आषाढातली चतुर्दशी आली. देवळात महाराजांचा चातुर्मास सुरू झाला, बायका नियम घ्यायला पुढे गेल्या. मी मागे बसून राहिले. नियम काही घेतला नाही. घरी आले आणि संध्याकाळी, का कोण जाणे, अण्णांच्या वेळेला ताट वाढून घेतलं. त्यांच्या जागेवर बसले. खिडकीकडे बघितलं. पहिल्या घासाला रडू आलं, पण जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. शेजारणीला किंवा लेकीला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई धर्माला लागली. तो धर्म नव्हता. त्यांच्याबरोबर जेवायचं राहून गेलं होतं, तेवढंच करत होते.

आणि तेव्हापासून शीतलच्या फोनवर रोज रात्री निरोप जायला लागला. स्वयंपाकघरात हालचाल नाही.

पहिल्या दिवशी ती घाबरून गेली असणार. फोन आला.

"आई, जेवलीस न्हवं?"

"व्हय, जेवलो की. काय झालं?"

"काय न्हाई, किचनचा सेन्सर काम करंना झालाय बघ."

आमच्याकडे बायकाही जेवलो, आलो, गेलो असंच म्हणतात. बेंगलोरला शीतलच्या बोलण्यातून ते गेलंय, घरी बोलताना मात्र परत येतं.

त्या रात्रीपासून आमचं दुरुस्तीकाम सुरू झालं. खरं सांगायचं तर काही बिघाड खरेच होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याला धरबंध नसतो. राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगेचं पाणी अमुक फुटांवर गेलं, एवढ्या गप्पा ऐकेपर्यंत तीनदा वीज जाऊन येते. अशीच एकदा ती गेली आणि आली तेव्हा डबीचा तांबडा दिवा लागला, हिरवा लागलाच नाही. शीतल म्हणाली, तांबडा म्हणजे करंट पोचतोय, हिरवा म्हणजे ती कार्ड वाचतेय. हिरवा लुकलुकत नाही म्हणजे कार्ड गेलं. मला ते लगेच पटलं. फोनमध्ये टोन आहे पण नंबर लागत नाही, तसलाच प्रकार. तिनं दुसरं कार्ड भरून कुरिअरनं पाठवलं. मी जुनं कार्ड नखानं ओढून काढलं, नवं बसवलं, बटण चालू केलं आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागल्यावर फोनवर दोघी मिळून टाळ्या वाजवल्या.

पण संध्याकाळचा बिघाड काही जाईना. दिवसभर स्वयंपाकघराचा सेन्सर झकास चालायचा. सकाळचा चहा, दुपारचा स्वयंपाक, सगळं तिकडे दिसायचं. जेवणाच्या वेळेला तेवढा मुका, असं ती म्हणायची; सहाची हालचाल तिला स्वयंपाकाची वाटत होती आणि मला जेवणाची वेळ म्हणजे सहाच वाटत होती. आणि नऊला तिचा फोन आला, की ती म्हणायची, आता किचनमध्ये जा आणि हात हलव. मी जायची, अंधारात उभी राहून हात हलवायची. ती म्हणायची, अगं, आता तर दाखवतंय. लाइनमन दारात आला की फोन सुरू होतो, हे आम्ही ऑफिसात रोज बघायचो. म्हणून मला त्यात काही नवल वाटलं नाही.

मग एकेक उपाय सुरू झाले. शीतल म्हणाली, सेल उतरला असेल. मी शाहूपुरीत जाऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात बटणासारखा सेल मागितला. दुकानदारानं विचारलं, मावशी, घड्याळाचा पाहिजे का वजनकाट्याचा? मी सांगितलं, लेकीनं घरात यंत्र बसवलंय, मी उठलो-बसलो ते तिला कळतं, त्यात घालायचाय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग दोन घेऊन जावा की, मावशी." मी दोन घेतले. सेल बदलून उपयोग झाला नाही. मग शीतलला वाटलं, डबी तेव्हा फ्रिजवर होती, लोखंडाजवळ तिला ऐकू येत नसेल. म्हणून ती शोकेसमध्ये आली. मग वाटलं, सेन्सरचं ऐकणारी ती काडी संगणकाला फार चिकटून आहे. तिला लांब वायर लावली. मग तिचा संशय माझ्या स्टीलच्या डब्यांवर गेला. लग्नात आलेले, नंतर भिशीतून घेतलेले, भिंतभर रचलेले डबे. ते सगळे मी एका दुपारी उतरवून दुसऱ्या भिंतीला लावले. त्या रात्री पाठ दुखत होती, पण मी खुशीत होते. कारण नऊला फोन येणार होता आणि डब्यांचं काय झालं ते मला सांगायचं होतं.

हे आता लिहिताना लक्षात येतं. तो पाऊस, ती पुराची भीती, अण्णांशिवायचा तो पहिला चातुर्मास, हे सगळं होतंच. पण त्या दिवसांत मी रोज कुणाची तरी वाट बघत होते आणि तो फोन रोज येत होता. सहाला जेवून झाल्यावर नऊपर्यंत काय करायचं हा प्रश्न मला पडायचा नाही. मी डबीचे दिवे बघून ठेवायची, खोलीत ओल किती आहे ते भिंतीला हात लावून बघायची, तिला काय काय सांगायचं ते मनात जुळवायची. बोलता बोलता दुरुस्ती मागे पडायची. ती म्हणायची, आज ऑफिसात अमक्याशी वाजलं. मी म्हणायची, तुझे अण्णा असते तर म्हणाले असते, गप बसायचं आणि मग हळूच खरं तेच करायचं. मग ती अडतीवरची त्यांची एखादी गंमत काढायची. अण्णांबद्दल ती आणि मी त्या डबीच्या निमित्तानंच बोललो. त्याआधी दोघी एकमेकींना जपत होतो, म्हणून विषयच काढत नव्हतो.

भाद्रपदाच्या सुमारास मी माझा जुना तोडगा सुचवला. ऑफिसात आम्ही लोकांना सांगायचो, शेजारचा फोन आणून तुमच्या तारेला लावून बघा. वाजला तर बिघाड फोनमध्ये, नाही वाजला तर तारेत. मी शीतलला म्हणाले, हॉलचा सेन्सर स्वयंपाकघरात लाव आणि तिथला हॉलमध्ये. तिला ते आवडलं. मी स्टुलावर चढून दोन्ही काढले, अदलाबदल केली. दुसऱ्या रात्री तिनं बघितलं. मुका म्हणून बदनाम झालेला सेन्सर हॉलमध्ये संध्याकाळभर सुरेख बोलत होता. आणि हॉलमधला चांगला सेन्सर स्वयंपाकघरात गेल्यावर सात ते नऊ मुका झाला होता.

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मला वाटलं, ती पुन्हा तपासून बघतेय.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, सेन्सर चांगलेच हाईत दोन्ही." आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. उघडलं तर शीतल. रात्रीच्या बसनं आलेली, केस ओले, डोळे सुजलेले. आत येऊन चपलाही काढल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा उघडला, तांदळाचा उघडला, फ्रिज उघडला. मी मागे उभी. मला काही कळेना. मग ती वळली आणि म्हणाली, "मला खरं सांग. तू रात्री जेवत न्हाईस न्हवं? रोज खोटं सांगतीस मला?"

माझी लेक रात्रभर बसमध्ये बसून हाच विचार करत आली होती की नवऱ्यामागे आईनं अन्न सोडलं. मला तेव्हा सगळं उलगडलं. अण्णांच्या वेळेला जेवते, हे तीन शब्द मात्र तोंडातून निघेनात. मी तिला म्हणाले, आंघोळ करून घे, संध्याकाळी दाखवतो. तिनं सुट्टी टाकली होती. दिवसभर ती माझ्या मागे मागे फिरली, लहान असताना ताप आला की फिरायची तशी.

सहाच्या सुमाराला मी तवा ठेवला. एक ताट अण्णांच्या जागेवर मांडलं. ती दारात उभी राहून बघत होती. मी भाकरी ताटात टाकली, त्यांच्या पाटावर बसले, खिडकीकडे बघितलं. तेव्हा तिला कळलं. तिनं मांडणीवरचं दुसरं ताट काढलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी उठून तिच्यासाठी भाकरी थापली. दोघी जेवलो. बाहेर पाऊस थांबला होता आणि किती दिवसांनी उतरतं ऊन खिडकीतून ओट्यावर आलं होतं. आठ वाजता तिला पुन्हा भूक लागली असणार, कारण तिला ती सवयच नव्हती. पण तिनं पुन्हा ताट काढलं नाही. आम्ही टेबलाशी नुसत्या बसून राहिलो.

परत जायच्या आधी तिनं लॅपटॉप उघडून तो नियम बदलला. सात ते नऊ काढून पाच ते सात केलं. एवढंच काम होतं. सेल, वायरी, डबे, सगळी उठाठेव फुकट. डबीत बिघाड कधी नव्हताच, मला ती बरोबर ओळखत होती, वेळ तेवढी जुनी होती.

त्यानंतर निरोप जायचे थांबले. आणि निरोप थांबले म्हणून फोनही थांबले. तसे एकदम नाही. आधी रोजचा फोन दिवसाआड झाला, मग रविवारवर आला. तिचं घर आहे, पोर लहान आहे, नोकरीत वरची जागा मिळाली आहे. मी तिला दोष देत नाही. एकदा आठवडाभर फोन नव्हता, तेव्हा मी जरा लागट बोलले. ती अगदी मनापासून म्हणाली, "अगं, सगळं ठीक दिसत हुतं की मला." तिचं खरंच होतं. मी तिला रोज दिसत होते. सकाळी उठलेली, दुपारी दार उघडलेली, सहाला स्वयंपाकघरात गेलेली. विचारायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. कोल्हापुरात माणूस माणसाला भेटलं की आधी विचारतं, जेवलासा का. त्या प्रश्नाला खरं उत्तर कुणालाच नको असतं. समोरचा व्हय म्हणतो आणि पुढचं बोलणं सुरू होतं. आता डबी परस्पर व्हय सांगून टाकते आणि पुढचं बोलणं सुरूच होत नाही.

तक्रारीच्या टेबलावर आमचं असंच होतं. ज्यांचे फोन नीट चालायचे त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नसायची. ओळख व्हायची ती बिघाडवाल्यांची. शाहूपुरीतले एक म्हातारे गृहस्थ दर पंधरवड्याला फोन बंद आहे म्हणून शेजारून कळवायचे. लाइनमन जायचा, बघायचा, फोन चालू. शेवटी तो वैतागून म्हणाला, बाई, त्यांचा फोन चांगला हाय, पण त्यांना फोन करणारंच कुणी न्हाई, मग वाजणार कसा? आम्ही टेबलावरच्या सगळ्या हसलो होतो. त्यानंतर मी कधीमधी त्यांना टेस्टची रिंग द्यायची. ते लगेच उचलायचे. मी म्हणायची, तपासणी आहे, आवाज नीट येतो का? ते म्हणायचे, अगदी स्पष्ट येतोय, बाई, बोला. आणि मला पुढे बोलायला काही नसायचं. आता त्यांचं ते बोला मला फार वेळा आठवतं.

त्यानंतरचे चातुर्मास आले आणि गेले. मी दरवर्षी अण्णांच्या वेळेला जेवते. आता रडू येत नाही. डबी आता इतकी जुनी झाली आहे की तिच्यावर धूळ बसते आणि मी अण्णांचा फोटो पुसताना तिलाही पुसते. वीज गेली तरी ती आपली आपण उठते. शीतलनं एकदा तिला छोटी बॅटरी लावून दिली, तेव्हापासून तर ती बंद पडायचं नावच घेत नाही. इतकी चांगली वस्तू कुणी दिली तर माणसानं आनंद मानायला हवा. मी मानते. कधी कधी वीज जाते तेव्हा मात्र माझं लक्ष त्या दिव्यांकडे जातं आणि हिरवा लुकलुकला की जरासं वाईट वाटतं, हेही खरं आहे.

परवा श्रावणातली संध्याकाळ होती. रोजच्यासारखी मी सहाच्या सुमाराला स्वयंपाकघरात गेले. पीठ मळलेलं होतं. तवा काढला. हातात तवा घेऊन उभी राहिले आणि अचानक एकटीसाठी तो तापवायचा मला कंटाळा आला. तब्येत चांगली होती, भूकही असेल. पण भाकरी थापायची, ती फुगलेली बघायची, आपणच आपल्या ताटात टाकायची आणि आपणच खायची, याचा मनापासून कंटाळा आला. पिठावर झाकण ठेवलं. तवा जागेवर ठेवला. एक पेलाभर पाणी प्यायले आणि बाहेर येऊन बसले.

क्लासमधल्या पोरांचा गलका पांगला. मेडिकलवाल्याच्या ट्यूबलाइटचा उजेड रस्त्यावर ठळक झाला. करड्याचा काळा रंग झाला. सूर्य गेला असणार. म्हणजे आता खायचं म्हटलं तरी आजच्या दिवसाला खाता येणार नव्हतं. शोकेसमध्ये हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. त्याला दिसलं होतं ते खोटं नव्हतं. बाई स्वयंपाकघरात गेली, तिथं थोडा वेळ वावरली, बाहेर आली. बेंगलोरला कसलाही निरोप गेला नाही, आणि निरोप न जाणं म्हणजेच सगळं ठीक. त्या वर्षी मी रोज पोटभर जेवत होते आणि डबी सांगत होती की ही जेवली नाही, तेव्हा माझी लेक रात्रभर प्रवास करून आली. आता मी उपाशी होते आणि डबी काहीच सांगत नव्हती. मला एकदम फार एकटं वाटलं. इतकं की घरातले सगळे दिवे लावून बघितले, तरी कमी झालं नाही.

फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिची ऑफिसातून निघायची वेळ, पोराला पाळणाघरातून घ्यायचं असतं. आणि काय सांगणार? दुखत-खुपत काही नाही. पडले नाही, ताप नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. म्हाताऱ्या बाईनं एका संध्याकाळी भाकरी केली नाही, यात कळवण्यासारखं काय आहे? एवढ्यासाठी तिला रस्त्यात थांबवायचं? मी टीव्ही लावला, बंद केला. दाराची कडी बघून आले. पुन्हा येऊन बसले.

मग मी नंबर लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"काय झालं आई? डबी बंद पडली का?"

"न्हाई गं, डबी चांगली हाय," मी म्हणाले. "मी आज जेवलो न्हाई."